कॉम्प्युटरला अक्कल आली!

कॉम्प्युटर म्हणजे माझ्या हातचा मळ आहे, असं मी एकदा सासुरवाडीला जेवताना बोलून गेलो. ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे मलाच हाक मारतात, मग माणसाला थोडा आत्मविश्वास येणारच ना! पण टेबलाच्या त्या टोकाला सासरे बसले होते.

"मग आमच्याकडे जरा बघा की, जावईबापू," ते म्हणाले.

सासऱ्यांचा जुनाट कॉम्प्युटर म्हणजे पिठाची गिरणी! सुरू केला की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. त्यावर सासरे एकच गोष्ट करायचे, बुद्धिबळ खेळायचे. खेळही त्याच काळातला, पिवळट पडलेल्या एका डिस्कवरचा. रोज सकाळी एक डाव, आणि रोज सासरेच जिंकणार! मग दिवसभर त्यांची स्वारी खुशीत असायची.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. पटावर ते सासऱ्यांना नेहमी हरवायचे. त्यावर सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं. "माणसाला काय, कुणीही हरवेल. यंत्राला हरवायला डोकं लागतं!" शेवटी डॉक्टरही इरेला पेटले. रविवारी संध्याकाळी त्यांनी खाली यायचं आणि सासऱ्यांनी त्यांच्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरला मात द्यायची, असं ठरलं. आणि त्याच आठवड्यात गिरणी डावाच्या मध्येच बंद पडायला लागली!

"नवा आणू," मी म्हणालो. "जुना खेळ त्यावर चढवतो. चुटकीसरशी होईल!"

शनिवारी नवा आणला, आणि त्याच पावली जुना भंगारवाल्याला देऊनही टाकला.

"अरे, नव्यावर खेळ चालतोय का ते तरी आधी बघायचंस!" बायको म्हणाली. मी नुसता हसलो.

ते हसू फार टिकलं नाही. नव्या कॉम्प्युटरला डिस्क घालायला जागाच नव्हती! ती सोय वेगळी विकत आणली. मग त्यानं डिस्क चाटूनपुसून पाहिली आणि कळवलं, 'हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालणार नाही.' मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा नाही म्हणाला. मी बंद केला, चालू केला, चुचकारला, दरडावला. अखेर सेटिंग्जच्या पार तळाशी एक चौकोन सापडला. त्यावर खूण केली की नवा कॉम्प्युटर जुना असल्याचं सोंग घेतो. केली खूण, आणि पडद्यावर पट अवतरला!

"जावई असावा तर असा!" सासरे म्हणाले. माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं धोक्यात आली.

सासरे खेळायला बसले आणि हरले. "माउस नवा आहे," म्हणाले. पुन्हा हरले. चष्मा पुसला. पुढच्या डावात तर त्यांचे घोडे तबेल्याबाहेर पडायच्या आत राजाला मात!

"जावईबापू," ते बारीक आवाजात म्हणाले, "याला तुम्ही काही शिकवलंत का हो?"

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. तो खेळ प्रत्येक चालीला ठरावीक वेळ विचार करतो. तेवढ्या वेळात गिरणीला जेमतेम स्वतःचं नाक दिसायचं. नवा पठ्ठ्या तेवढ्यातच अख्खा डाव मनातल्या मनात खेळून मोकळा! मी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं.

"म्हणजे बाबा इतकी वर्षं जिंकत होते ते..."

"तो मठ्ठ होता म्हणून."

"हे बाबांना सांगितलंस तर याद राख!"

त्या दिवशी सासरे धड जेवले नाहीत. "डॉक्टरांना कळवा, मला बरं नाही," एवढंच म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं. मी भंगारवाल्याकडे धावलो, तर गिरणीचे सुटे भाग त्यानं आधीच वेगवेगळ्या ढिगांत घातले होते!

आता एकच मार्ग होता. नव्या कॉम्प्युटरला मठ्ठ करायचं! रविवारी मी सकाळपासून त्याच्यापुढे ठाण मांडलं. त्याला व्हायरस शोधायला लावलं, घरातले सगळे फोटो इकडून तिकडे हलवायला लावले. वर आमच्या लग्नाची फिल्म आवाज बंद करून एकाच वेळी अनेक खिडक्यांत सुरू केली आणि सगळ्यांवर बुद्धिबळाचा पट पसरला. बिचाऱ्याला घाम फुटला. आतला पंखा घरघरू लागला.

"आता कसा ओळखीचा आवाज आला!" सासरे खोलीत येत म्हणाले.

डॉक्टर आले. सासऱ्यांनी पहिलं प्यादं पुढे सरकवलं. मी कॉम्प्युटरला चिकटून बसलो, कुणाचा हात लागून खालची लग्नं वर यायला नकोत! कॉम्प्युटरनं घोडा फुकट दिला. मग हत्ती. मग वजीर आपल्या पायानं चालत सासऱ्यांच्या उंटापुढे येऊन उभा राहिला.

"मात!" सासरे गरजले.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "यात काय मोठंसं? सरका, मी बसतो."

माझं काम संपलं होतं. मी चहा करायला आत गेलो. ट्रे घेऊन बाहेर येतो तर पंखा गप्प! लग्नं लागून संपली होती, फोटो जागेवर पोचले होते, आणि कोपऱ्यात एक चिठ्ठी झळकत होती. 'तपासणी पूर्ण. काहीही सापडले नाही.' डॉक्टरांच्या राजाभोवती शत्रूनं कडं केलं होतं. चहा न घेताच डॉक्टर जिना चढून गेले!

सासऱ्यांनी दोन्ही कप संपवले. मग मला जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला. आता कौतुक होणार म्हणून मी मान खाली घातली.

"जावईबापू, मला कळलं बरं का सगळं."

माझं धाबं दणाणलं. दारातून बायको डोळे वटारून बघत होती.

"काल हा केवढा हुशार होता! आज तुम्ही दिवसभर याच्याजवळ बसलात, तर पार ढ झाला. तुम्ही आत गेलात आणि याला परत अक्कल आली!" सासरे मायेनं म्हणाले. "तेव्हा माझ्या डावाला तुम्ही शेजारी बसत जा. डॉक्टर बसले की मात्र लगेच उठायचं हं!"

मी बायकोकडे पाहिलं. तिनं बोट ओठांवर ठेवलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी मी सासुरवाडीला जातो आणि कॉम्प्युटरशेजारी बसतो.