चार टिकल्यांचा जग

"आज हॉटेलवाल्यानं हो म्हटलं तर तुमची पिंपं राहतील. नाही म्हटलं, तर संध्याकाळी बिल्डरला फोन," दमयंतीबाईंनी सकाळीच बजावलं.

मधुसूदनरावांनी मान डोलावली. बँकेतून वेळेआधी निवृत्त होऊन चार वर्षं ते शहराबाहेर हर्सूलच्या पुढे, स्वतःच्या प्लॉटवरच्या शेडमध्ये पोर्ट करत होते. पोर्तुगालात करतात तशी, ब्रँडी घालून कडक केलेली गोड वाइन. फरक एवढाच, की तिथं नदी आहे आणि इथं टँकर. तोही त्या दुष्काळी उन्हाळ्यात आठव्या दिवशी यायचा. शेडच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या. बिल्डरला चौथी बाजू हवी होती.

परीक्षक दोन. क्रांती चौकाजवळच्या हॉटेलची खरेदी बघणारा शंतनू, आणि दमयंतीबाईंचे चुलते काकासाहेब. काकासाहेबांनी सहलीत लिस्बनला तीन रात्री काढल्या होत्या आणि गेली अकरा वर्षं ते मनानं तिथून परतलेच नव्हते.

"जावईबापू, नावं दिसता कामा नयेत. नाव वाचलं की जीभ खोटं बोलते," त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून गुलमंडीच्या बाजारातून चार सारखे स्टीलचे जग घरी आले. दमयंतीबाईंनी त्यांवर स्वतःच्या टिकल्या चिकटवल्या. एक टिकली गोव्याची पोर्ट, दोन आफ्रिकेची, तीन ऑस्ट्रेलियाची, चार घरची. मधुसूदनरावांनी पहिल्या तिन्ही औषधासारख्या मोजून ओतल्या. चौथी मात्र पंगतीतल्या आग्रहानं, ग्लास काठोकाठ. तो जग रिकामा झाला.

"घोट घोळवून यात थुंकायचं असतं," शंतनूनं वाडगं पुढे सरकवलं.

"फुकटचं थुंकायला मी काय वेडा आहे?" काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी तीन ग्लास निपटले. चौथ्याचा घोट घेतल्यावर मात्र त्यांनी मुकाट्यानं वाडगं जवळ ओढलं. शंतनूनंही तेच केलं. मधुसूदनराव धीर होत नसल्यानं खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"पुन्हा एकदा. ग्लास धुऊन आणा," काकासाहेबांनी फर्मावलं. घरकाम करणाऱ्या सरूबाई सगळं उचलून आत गेल्या आणि थोड्या वेळानं चकचकीत ग्लास आणि चारही जग घेऊन आल्या.

दुसऱ्या फेरीत चार टिकल्यांपाशी काकासाहेबांनी डोळे मिटले. "हीच! अहो, लिस्बन! हिच्यात सगळं आहे."

"मघाशी माझी जीभच जागेवर नव्हती, काका," शंतनू म्हणाला आणि त्यानं तिथंच आपल्या साहेबांना होकाराचा मेसेज टाकला.

डोळे पुसत मधुसूदनराव स्वयंपाकघरात दमयंतीबाईंकडे धावले. "दुसरी बाटली फोडलीस वाटतं?"

"मी? दुसरी बाटली शेडवरच आहे."

दोघांनी सरूबाईंकडे पाहिलं.

"मंग काय करू? ग्लास धुवायला पाणी हाय का घरात?" सरूबाई म्हणाल्या. "बाईंनीच सांगितलंय, वल्लं काय बी मोरीत जाऊ द्यायचं नाय. ग्लासात उरलेलं समदं त्या मोकळ्या जगात वतलं, अन् ग्लास फडक्यानं पुसले."

"सगळ्यांचं उष्टं?" दारातून आवाज आला. दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणीही न पिणारे काकासाहेब चौकट धरून उभे होते. त्यांच्यामागे शंतनू.

"आणि वाडग्यातलं?" त्यानं हळूच विचारलं.

"ते कढीपत्त्याला ठिवलंय. मला काय अक्कल नाय व्हय?"

शंतनू अंगठ्यानं मेसेज खोडू लागला.

"म्हणजे त्यात माझी वाइन नव्हतीच?" मधुसूदनरावांनी कसंबसं विचारलं.

सरूबाईंना त्यांची दया आली. "व्हती की, सायेब! लई व्हती. बाकीच्यांचं घोट-घोटच उरलं व्हतं. तुमचीच तेवढी कुणी प्यालं नवतं."

दमयंतीबाईंनी फोन उचलून बिल्डरचा नंबर शोधायला घेतला.

"बाई, मंग हे वाडग्यातलं घालू का कढीपत्त्याला?"

"नको," नंबर लावता लावता दमयंतीबाई म्हणाल्या. "दोन दुष्काळ तगलंय ते बिचारं झाड."