लख्ख देशभक्ती

हायडेलबर्गच्या युद्धबिल्ले-संग्राहक फेराइनचं, म्हणजे रीतसर नोंदलेल्या मंडळाचं, सभासदत्व मिळावं, एवढीच श्यामकांत देवस्थळींची २००५ साली आयुष्याकडे मागणी उरली होती. जवळच्या वाल्डॉर्फ गावातल्या ऑफिसात त्यांना मान होता. पण जर्मनीत माणूस कुठल्यातरी फेराइनमध्ये असल्याशिवाय तो आहे असं कुणी धरत नाही.

बिल्ले पहिल्या महायुद्धातले. सुटे पैसे मिळेनासे झाले तेव्हा खाणावळवाल्यांनी स्वतःच पाडलेले. एका बाजूला ‘विजय आपलाच’, दुसऱ्या बाजूला ‘एक ग्लास बिअर’. जुन्या बाजारांतून वाकून वाकून श्यामकांतांनी ते जमवले होते आणि सभासदत्वाच्या मुलाखतीत मांडायचे होते.

नेमक्या दिवाळीला सासूबाई पुण्याहून आल्या. लक्ष्मीपूजनात जावयाचं धन असं काळंकुट्ट कसं ठेवायचं? त्यांनी चिंच-मीठ लावून एकेक बिल्ला घासला.

“अहो श्यामकांतराव, बघा तरी! इतकी वर्षं नुसता मळ सांभाळत होतात.”

श्यामकांतांनी एक बिल्ला उलटसुलट करून पाहिला. या छंदात मोल मळालाच असतं. पण सासूबाईंना बोलणार काय? “छान झालेत, आई,” म्हणाले.

मुलाखतीत अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, फोगेल यांनी भिंग लावलं, पुसलं, पुन्हा लावलं.

“गंज नाही.”

“सासूबाईंनी घासले.”

“हो, हो. गंज नाही, म्हणजे जुने नाहीत. जुने नाहीत, म्हणजे नव्याने पाडलेले.”

“गेनाऊ,” चिटणीसबाईंनी दुजोरा दिला.

“आणि युद्धबिल्ले युद्धातच पाडतात. तुमचं सध्या कुणाशी चालू आहे?”

“कुणाशीच नाही हो!”

खजिनदारांना त्याहून मूलभूत शंका आली. “‘आपलाच’ म्हणजे नक्की कुणाचा?”

यावर सांगोपांग चर्चा होऊन ठराव झाला: गंजलेली देशभक्ती हा इतिहास, चकचकीत देशभक्ती हे राजकारण, आणि राजकारणाला फेराइनच्या घटनेत बंदी. सबब अर्जदाराने बिल्ले दमट तळघरात ठेवावेत व समाधानकारक मळल्यावर पुन्हा अर्ज करावा. तोवर पाहुण्यांना बिअरची बाजू दाखवण्यास हरकत नाही.

श्यामकांत तोंड पाडून घरी आले. सासूबाईंना काही केल्या कळेना.

“म्हणजे, स्वच्छ केले म्हणून नापास?”

“हो ना आई. अशी लखलखीत देशभक्ती समोर आली की म्हणे इथल्या लोकांना धडकीच भरते.”

“कमाल आहे बाई! आमच्याकडे दर निवडणुकीला घासूनपुसून आणतात, आणि आपण सगळे आरतीचं ताट घेऊन दारात उभे!”