उणे पाणी

"आधी पाणी बंद कर! मग भांड!" अश्लेषा ओरडली, आणि निशिकांत दात-ओठ खात बाल्कनीत धावला.

दोघं ईस्ट कोस्टला सायकल चालवून सिंगापूरमधल्या पुंगोलच्या फ्लॅटवर परतले होते. बघतात तर कढीपत्त्याच्या कुंडीतून पाण्याचे लोट वाहत होते. कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र निशिकांतनेच बनवून नळाला जोडलं होतं. मातीला हवा तेवढा ओलावा, त्यातून असलेला ओलावा वजा, उरेल तितके सेकंद पाणी. सी भाषेतल्या चार ओळी.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस टॅन दारात येऊन कडाडल्या. "माय बेडशीट ऑल वेट! युअर प्लांट ड्रिंकिंग ऑर स्विमिंग, अह?"

"सॉरी, आंटी," दोघंही म्हणाले. दार लागताच अश्लेषा वळली.

"आकडा अनसाइन्ड, म्हणजे बिनचिन्हाचा घेतलास ना?"

"मग? पाणी कधी उणे असतं का?"

"पाणी नसतं, वजाबाकी असते! सकाळच्या पावसाने माती जास्तच ओली झाली, उत्तर शून्याच्या खाली गेलं. अनसाइन्डला उणे माहीतच नाही. त्याने उलटी उडी मारून थेट सगळ्यात मोठा आकडा गाठला, पासष्ट हजार सेकंद!"

"मला शिकवू नकोस. इतकी वर्षं हेच करतोय मी."

"दिसतंय ना. वाहतंय."

तिने लॅपटॉप ओढून घेतला, उणे आकडे चालणारा साइन्ड प्रकार निवडला, तोही सगळ्यात छोटा. "एवढ्याशा कुंडीला एक बाइट पुरे. उणे आलं की पाणी बंद." निशिकांतने त्या कुंडीला पुन्हा हात लावायचा नाही असं मनाशी ठरवलं.

मग उन्हाचा आठवडा आला. कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. निशिकांतने निव्वळ रागापोटी तिचा कोड उघडला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अगं, तुझ्या बाइटमध्ये एकशे सत्तावीसच्या वर मावतच नाही! मातीला दीडशे सेकंद पाणी हवं होतं, ते न मावता उलटून झालं उणे. आणि उणे आलं की पाणी बंद!"

"झाड वाळताना तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण यंत्र आता तुझं होतं."

"रोपापासून वाढवलंय मी ते!" अश्लेषाचा आवाज चिरकला. तेवढ्यात बेल वाजली. मिसेस टॅन कढीपत्ता मागायला आल्या होत्या. काड्या झालेलं झाड बघून त्या पुन्हा पेटल्या.

"अय्यो! हू इज लुकिंग आफ्टर धिस प्लांट?"

दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट दाखवलं.

मिसेस टॅननी दोघांना कोपरानं बाजूला सारलं, नळी उपटली, कुंडी कमरेवर घेतली आणि लिफ्टकडे चालू लागल्या.

झाड आता खालच्या मजल्यावर छान फोफावलंय. फोडणीला कढीपत्ता हवा असला की दोघांपैकी एकजण खाली जातो, आधी बोलणी खातो आणि मग चार पानं घेऊन वर येतो.