दोन सदस्यांचं सभागृह

शंकरआबांशी कुणी सहमत झालं की त्यांना बेचैन व्हायला होतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. धुळ्यातल्या देवपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंची चहाची टपरी आहे. तिथे एकदा आबांनी गल्लीसमोर गतिरोधक का हवा, हे पंधरा मिनिटं पटवून दिलं. शाळा, म्हातारी माणसं, भरधाव रिक्षा, सगळं त्यात आलं. शेवटी बाकावरचे पाचही जण म्हणाले, "आबा, एकदम बरोबर."

झालं. आबांनी कप खाली ठेवला आणि एकेकाच्या तोंडाकडे संशयानं पाहिलं. "पाचही जणांना पटलं? मग काहीतरी चुकतंय." पुढची पंधरा मिनिटं ते गतिरोधकाच्या विरोधात बोलले. अडलेली बाई दवाखान्यात नेणारी रिक्षा, मणक्याचा आजार, दुधाच्या किटल्या. इतकं झकास बोलले की बाकावरचे तिघं फुटले. आबा खूश. "आता कसं! तीन विरुद्ध दोन. याला म्हणतात चर्चा."

गतिरोधक अजून झालेला नाही.

मी आबांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते. आई यावलला केळीच्या बागांत मजुरी करते, वडील आता नाहीत. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. केलं, फर्स्ट क्लासमध्ये, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. देवपुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा खोली शोधत आबांकडे आले, आणि तोऱ्यात माझी पदवी सांगितली.

आबांनी लगेच विचारलं, "देशाला घटना कुणी दिली?"

मी गाईडमध्ये पाठ केलेलं उत्तर धडाधड म्हटलं. घटना समिती, मसुदा समिती, अध्यक्ष, किती बैठका. आबा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, मी दहावी नापास. पण पहिल्याच पानावर लिहिलंय की लोकांनी ती स्वतःच स्वतःला दिली. तू पहिलं पान वाचलंस का?"

वाचलं होतं. पाठही होतं. पण असं कधी वाचलं नव्हतं. माझा फर्स्ट क्लास मी तिथल्या तिथे घडी करून पर्समध्ये ठेवला.

खोली मिळाली. सोबत हातानं लिहिलेला दोन पानी कागद मिळाला. पहिल्या पानावर भाडेकरूचे मूलभूत हक्क, दुसऱ्यावर वाजवी निर्बंध. भाडेकरूला घरमालकावर टीका करण्याचं पूर्ण स्वातंत्र्य राहील. मात्र गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांजवळ केस विंचरता येणार नाहीत.

आबा एसटीत कंडक्टर होते. घटनेची लागण त्यांना धुळे-पाचोरा गाडीत झाली. एकदा एका गावचे सरपंच गाडीत चढले, म्हणून आबांनी पुढच्या सीटवरच्या एका मजूर म्हाताऱ्याला उठवलं. म्हातारा उठला, पण म्हणाला, "भाऊ, तिकीट मीबी काढेल शे. कलम चौदा वाचा कधीतरी." आबांना वाटलं, हे एसटीच्या नियमांतलं कलम असेल. डेपोत विचारलं तर सगळे हसले. त्याच आठवड्यात त्यांनी स्टँडबाहेरच्या पुस्तकवाल्याकडून घटनेची प्रत घेतली आणि उरलेली सगळी नोकरी ती वाचण्यात काढली. पुढे तेच सरपंच एकदा भरल्या गाडीत चढले, तेव्हा आबांनी त्यांना पाचोऱ्यापर्यंत उभं नेलं. दर थांब्याला म्हणायचे, "सरपंच, कायद्यापुढं सगळे सारखे. जरा पुढे सरका."

निवृत्त झाल्यावर मात्र देश चालवायला कुणी बोलावलं नाही, म्हणून आबांनी घर घटनेनुसार चालवायला घेतलं. दर रविवारी सकाळी दहाला सभा. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेलेली, त्यामुळे सदस्य दोन. सत्ताधारी आबा आणि विरोधी पक्ष त्यांची बायको, कमलाअक्का. सभापतीही आबाच. हे घटनेला धरून नाही, असं अक्का दर रविवारी म्हणायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. घटना त्यांनी कधी उघडली नाही. त्यांना गरजच पडली नाही. आबा म्हणाले मुगाची डाळ, की अक्का मठाची. आबा म्हणाले खिडकी उघडा, की अक्का म्हणणार माशा येतात.

एकदा आबांनी घटनादुरुस्तीच मांडली. दर बुधवारी शेवभाजी व्हावी. पण घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश बहुमत लागतं, आणि दोन सदस्यांच्या सभागृहात दोन-तृतीयांश म्हणजे दोघंही. अक्कांनी हात वर केला नाही. शेवभाजी बारगळली. मग अक्का दोन दिवस यावलला माहेरी गेल्या, तेव्हा आबांनी मला गंभीरपणे सांगितलं, "अधिवेशन सुरू नाही. मी अध्यादेश काढतो." आणि हॉटेलातून शेवभाजी आणली. अक्का परत आल्या, ओट्याजवळ जाऊन वास घेतला आणि उभ्या उभ्याच अध्यादेश फेटाळला.

मला वाटायचं, काय हा छळ बिचाऱ्या माणसाचा. एकदा बोलूनही दाखवलं. आबा चिडले. "छळ? अगं, विरोधी पक्ष नसला तर सरकार झोपा काढतं. मी चाळीस वर्षं जागा आहे तो हिच्यामुळे."

गेल्या वर्षी थंडी सरता सरता अक्कांच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफी झाली. गर्भाशयात गाठ. डॉक्टर म्हणाले, काढायलाच हवी, काढल्यावर तपासू, पण उशीर नको.

अक्का म्हणाल्या, "माले नही जानं."

कारण होतं. त्यांची धाकटी बहीण अशीच ऑपरेशनला गेली होती. "चालत गयी ती, परत उनी नही," एवढंच त्या म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. मुलगी नाशिकहून येऊन रडून गेली. शेजारणी सांगून थकल्या. रविवारी आबांनी ठराव मांडला की ऑपरेशन व्हावं. मतदान झालं. एक विरुद्ध एक.

आता समसमान मतं पडली की सभापतीला निर्णायक मत असतं. टीव्ही घेताना आबांनी ते वापरलंही होतं. मी दारात उभी राहून वाट बघत होते. आबांनी हात वर केला नाही. "ठराव नामंजूर," म्हणाले आणि अंगणात निघून गेले.

मी मागोमाग गेले. मला असल्या वेळी गोड बोलता येत नाही. "आबा, आग लागो तुमच्या कलमांना. रिक्षा बोलावते. उचला आणि न्या."

आबा नळाजवळ बसले होते. म्हणाले, "डाळीत माझं निर्णायक मत चालेल, टीव्हीत चालेल. तिच्या शरीरात नाही चालत. गाडीत बसायला तयार नसलेल्या माणसाला ओढून आत घेतलं, तर तो प्रवासी राहत नाही गं. तो सामान होतो."

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. अक्का दिवसेंदिवस ओढल्यासारख्या दिसू लागल्या. आबा टपरीवर यायचे, पण कुणी काहीही बोललं तरी "बरोबर आहे" म्हणायचे. एकानं मुद्दाम डिवचलं, "आबा, निवडणुका बंदच करून टाकाव्यात, काय कटकट." आबा म्हणाले, "असेल बुवा." बाकावर कुणाला चहा गेला नाही. सलीमभाईंनी मला बाजूला बोलावलं. "ताई, आबा को कुछ हुआ तो नहीं? मेरी बात भी मान रहे हैं."

मग एका रविवारी आबांनी मला सभेला बोलावलं. प्रेक्षक म्हणून. अक्का खाटेवर गोधडी घेऊन पडल्या होत्या. एरवी आबा उभं राहून बोलायचे. त्या दिवशी खाटेच्या कडेला बसले. मी समोर खुर्चीत.

"ठराव असा," आबा म्हणाले, "की ऑपरेशन करू नये."

मी खुर्चीतून उठलेच. त्यांनी नजरेनंच बसवलं.

"कारण एक. वय झालं. कारण दोन, डॉक्टर लोक सांगतच असतात. कारण तीन." इथे त्यांनी गोधडीची कड सारखी केली. "कारण तीन, माझं काही अडत नाही. मी एकटा राहू शकतो. चहा येतो मला. खिचडी येते. घर व्यवस्थित चालेल."

गोधडी हलली. अक्का कोपरावर उठल्या. "तुमले चहा येस?"

"येतो."

"साखरना डबा कोठे शे?"

"फडताळात."

"फडताळमा मीठ शे! चाळीस वरीस व्हयनात, साखर कोठे शे ते माहीत नही, आनि म्हने एकला राहसू!"

मग अक्कांनी अर्धा तास आबांना धू धू धुतलं. वयाचं कारण खोडलं. अक्कांची आई याहून म्हातारी होती तेव्हा शेतात निंदत होती. डॉक्टरांचं खोडलं. गल्लीतल्या तीन बायकांची नावं घेतली, तिघी ऑपरेशन करून आल्या होत्या आणि आता भांडायला पहिल्या. बहिणीचं नाव त्यांनी स्वतःच काढलं. ती वेळ वेगळी होती, म्हणाल्या, तिला दवाखान्यात न्यायलाच सगळ्यांनी उशीर केला. मग म्हणाल्या, "मी जासू. बघूच कोन अडावस."

मतदान झालं. ठरावाच्या विरोधात अक्कांनी हात वर केला. आबांनी स्वतःच मांडलेल्या ठरावाच्या विरोधात हात वर केला. दोन विरुद्ध शून्य. ठराव पडला.

दवाखान्यात संमतीच्या कागदावर तिथल्या माणसानं आबांपुढे पेन धरलं. "बाबा, नवऱ्याची सही."

"का? पेशंट शुद्धीवर आहे. सज्ञान आहे. जीव तिचा आहे. कलम एकवीस!"

"बाबा, हळू बोला, दवाखाना आहे."

आबा हळू बोलले, पण हटले नाहीत. शेवटी मोठ्या डॉक्टर बाई आल्या, म्हणाल्या बरोबर आहे, पेशंटचीच सही हवी, नातेवाइकाची साक्षीदार म्हणून चालेल. अक्कांनी कागद वाचून दाखवायला लावला, दोन प्रश्न विचारले आणि चौथीच्या अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं.

त्यांना आत नेल्यावर आबा बाकावर माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "तू राज्यशास्त्रवाली. मला सांग. मी खोटा ठराव मांडला. सभागृहाची दिशाभूल केली. याला माफी आहे का?"

"हे गाईडमध्ये नव्हतं, आबा," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. पुढचे आठ दिवस गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट यायचा होता, तेव्हा आबांनी काय खाल्लं ते मला माहीत नाही. मी वरून डबा द्यायचे, तो तसाच परत यायचा. मग रिपोर्ट आला. डॉक्टर बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "साधी गाठ होती. काही काळजी नाही." आबांनी त्यांना तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायला लागले तेव्हा मी त्यांना बाहेर आणलं. पायरीवर येऊन त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की रांगेतल्या एका बाईनं पाणी पुढे केलं.

संध्याकाळी ते टपरीवर गेले. कुणीतरी म्हणालं, यंदा ऊन जास्त आहे. आबा म्हणाले, "साफ चूक. गेल्या वर्षी जास्त होतं." आणि चौघांशी एकदम जुंपली. सलीमभाईंनी हात वर करून आभाळाकडे बघितलं. "आबा लडने लगे. शुक्र है."

महिन्याभरानं पुन्हा सभा भरली. अक्का ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. आबा उभे राहिले. इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

"सभागृहाला एक निवेदन करायचं आहे. मागच्या ठरावाच्या वेळी मी जे बोललो ते माझं मत नव्हतं. तू माझ्या विरोधात जातेस हे माहीत होतं, म्हणून मी उलट बोललो. ही दिशाभूल होती. मी माफी मागतो. सभापतिपद सोडायला तयार आहे."

अक्कांनी मान वर केली नाही. एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले.

"माले तव्हयच समजनं व्हतं," त्या म्हणाल्या.

"काय समजलं? कसं?"

"तोंडनं विरोध करी राहिंतात ना तुम्ही? मंग गोधडीखाले मना हात कसाले धरीसन बसेल व्हतात? अर्धा तास. बोटं दुखी उनात मनी."

एखादं कलम येईल म्हणून मी वाट पाहिली. आबा हळूच पायरीवर बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्या हातानं त्यांना न विचारताच मत देऊन टाकलं होतं.