आर्डिसच्या सायकलची चेन

मिनियापोलिसच्या आमच्या सहकारी सायकल वर्कशॉपात गेल्या शुक्रवारी एक चेन ढिली असल्याचं सर्वानुमते मान्य झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर सर्वानुमते काहीही मान्य झालं नाही.

चेन होती आर्डिस आणि व्हर्लिन या नवराबायकोच्या जोडसायकलची. पुढे व्हर्लिन, मागे आर्डिस. आर्डिसला दिसत नाही. बर्फ पडला की ती घरात अडकते, ती थेट एप्रिलपर्यंत. त्यानंतरची रविवारची तळ्याभोवतीची फेरी हा तिचा खरा सण. "कानात वारा भरला ना, की वाटतं सुटले एकदाची!" असं ती दरवर्षी म्हणते. पण यंदा दोघांची पायडलं जोडणारी चेन भररस्त्यात उतरली आणि मागचा ट्रक थोडक्यात चुकला.

दुरुस्ती अगदी साधी. पुढच्या पायडलांचा आस एका गोल ठोकळ्यात बसतो आणि त्या ठोकळ्याचं भोक मुद्दाम एका बाजूला पाडलेलं असतं. बोल्ट सैल करायचे, ठोकळा किंचित फिरवायचा, आस पुढे सरकतो, चेन ताणली जाते, बोल्ट आवळायचे. कॉफी निवायच्या आत काम फत्ते. पण आमचं वर्कशॉप म्हणजे काही दुकान नव्हे. दुकानात सायकल दुरुस्त होते. आमच्याकडे माणसाचा विकास होतो.

व्हर्लिनने पाना उचलला तशी बैठकीची सूत्रधार टॅमसिन हसून म्हणाली, "जरा थांबा हं, व्हर्लिन. पाना सामूहिक आहे. त्याने वैयक्तिक निर्णय कसा घ्यायचा?"

सायकल 'चर्चाधीन' अशी लाल चिठ्ठी लावून भिंतीवरच्या हुकाला टांगण्यात आली.

मग आमच्यातल्या वेंडेलने रास्त मुद्दा काढला. ठोकळा फिरला की पायडलं सरकणार. पायडलं सरकली की सीटची उंची चुकणार, सीट हलवली की हँडल लांब पडणार आणि हँडल लांब पडलं की व्हर्लिनची कंबर धरणार. तेव्हा शरीरस्वास्थ्य उपसमितीचं मत घेतल्याशिवाय बोल्टला हात लावणं हा कंबरेवर अन्याय ठरेल.

"माझी कंबर ठणठणीत आहे!" व्हर्लिन म्हणाला.

"तुम्हाला तसं वाटतंय," वेंडेल हळुवारपणे म्हणाला.

आर्डिसने सगळ्यांसाठी लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. ती म्हणाली, "अगं टॅमसिन, चर्चा करा की हवी तेवढी. पण बोलता बोलता ते बोल्ट तेवढे फिरवून टाका ना. परवा रविवार आहे गं. मला जायचंय."

आम्ही सगळे गलबलून गेलो. आमच्याकडे टाळ्या वाजवत नाहीत, कुणी दचकायला नको म्हणून. पाठिंबा द्यायचा तर हात वर करून नुसती बोटं हलवायची. आम्ही सगळ्यांनी बोटं हलवली. इतकी एकमुखी बोटं मी आयुष्यात पाहिली नव्हती. आर्डिस थोडा वेळ कानोसा घेत उभी राहिली, मग म्हणाली, "बरं. मी बाहेर बाकावर बसते जरा."

आता खरा प्रश्न पुढे आला: ठोकळ्याला ग्रीस लावायचं की नाही?

आमच्यातलीच गुद्रून म्हणाली, "लावायलाच हवं. नाहीतर गंजून असा अडकेल की पुढच्या वर्षी हातोडा आणावा लागेल."

वेंडेल म्हणाला, "लावलं तर पायाच्या जोराने ठोकळा आपोआप फिरेल. चेन पुन्हा ढिली! कोरडाच ठेवा."

दोघांचंही खरं होतं, म्हणूनच तर पेच पडला. कोरडा ठोकळा कुरकुरतो, असं गुद्रूनने सोदाहरण सांगितलं. ग्रीस असूनही कुरकुरतो, असं वेंडेलने कुरकुरत सांगितलं. मी तोडगा सुचवला: अर्ध्या भागाला लावू, अर्धा कोरडा ठेवू. त्यावर गुद्रून म्हणाली, "हं. वेगळाच विचार आहे." आमच्या मिनेसोटात याहून घाणेरडी शिवी नाही. वेंडेलने तोंड फिरवलं आणि ताटलीतल्या शेवटच्या वडीचा अर्धा तुकडा कापून घेतला. उरलेल्याचा अर्धा टॅमसिनने, त्याच्या उरलेल्याचा मी. शेवटचा घास उचलण्याइतकं निर्लज्ज आमच्यात कुणीच नव्हतं.

निकाल काय लागला, ही उत्सुकता तुम्हाला लागली असणार. अभ्यासगट नेमला. दोन ठोकळे, एक ग्रीसवाला आणि एक कोरडा, वर्षभर खिडकीत ठेवून निरीक्षण होणार आहे. मोठं समाधान वाटलं.

रविवारी आमची तळ्याची फेरी छान झाली. वारा मस्त होता. सायकल हुकावरच आहे.

आणि आर्डिस? बैठक संपवून बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. काठी टेकत टेकत बसथांब्यापर्यंत ती एकटीच गेली असणार. कधी उठली, आमच्यातल्या एकाच्याही, अगदी व्हर्लिनच्याही, लक्षात आलं नाही. तुम्हीही तर इतका वेळ ग्रीसचंच ऐकत होतात. वाईट वाटलं ना? मग हात वर करा आणि बोटं हलवा. आवाज मात्र नको.