एकही हाड न मोडणारा खेळ

"सायकलिंग?" सारिकाने विचारलं.

"कॉलरबोन," आदिनाथ म्हणाला.

"स्केटिंग?"

"मनगट. कधी डावं, कधी उजवं, पण मनगटच."

"मग बॅडमिंटनला घालू. मधे जाळी असते. कुणी कुणाच्या अंगाला हात लावत नाही."

आदिनाथने वहीचं पान उलटलं. "घोटा. बावीस घोटे आहेत."

औंढ्यातल्या त्या घरी रविवारची सकाळ अशी चालली होती. प्रेरणा सहावीत गेली होती आणि शाळेने यंदा फर्मान काढलं होतं की प्रत्येक मुलाने एक खेळ निवडायचा आणि सोमवारी फॉर्मवर पालकांची सही आणायची. इतर घरांत या कामाला दोन मिनिटं लागली असतील. पण इतर घरांतले बाप लोणावळ्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढत नव्हते. आदिनाथ अकरा वर्षं काढत होता, आणि अकरा वर्षं ज्याच्यासमोर फक्त मोडकी माणसं येतात त्याला धडधाकट माणूस म्हणजे अजून न पडलेला माणूस वाटायला लागतो. त्यात त्याला नोंदी ठेवायची हौस. खेळताना लागलेलं पोर आलं की नाव नाही, गाव नाही, फक्त खेळ आणि हाड एवढं तो एका निळ्या वहीत उतरवून ठेवायचा.

सारिकाने हात टेकले. "बरं, कॅरम तरी?"

"पायाचा अंगठा. बोर्ड उचलताना पडला."

"बुद्धिबळ!"

"करंगळी. हरल्यावर पोराने भिंतीला बुक्की मारली."

प्रेरणा उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. "पप्पा," ती अगदी गरीब चेहरा करून म्हणाली, "कुस्तीत काय मोडतं हो?"

आदिनाथने वही पुढून मागे चाळली. मग मागून पुढे चाळली. मग चष्मा पुसून पुन्हा चाळली. कुस्तीची एकही नोंद नव्हती. मावळात तालमी काही कमी नाहीत, पण अकरा वर्षांत एकही पैलवान त्याच्या मशीनखाली येऊन झोपला नव्हता.

"सारिका," तो उठून उभाच राहिला, "कुस्ती हा सगळ्यात सुरक्षित खेळ आहे."

"अहो, उचलून आपटतात त्यात."

"आपटतात, पण मोडत नाही! मी म्हणत नाही, वही म्हणतेय. खाली माती असते ना, ती झेलत असणार."

सारिकाने नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. एरवी ती आदिनाथला तीन वाक्यांत गप्प करायची. या वेळी ती फक्त "करा सही" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. आदिनाथला आपण बायकोला वादात हरवल्याचा इतका आनंद झाला की असं याआधी कधीच का झालं नव्हतं, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

इथवर थांबला असता तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. पण शाळेच्या पालक सभेत तो उभा राहिला. एक्स-रेवाला माणूस, वर हातात वही, म्हटल्यावर लोक ऐकणारच. त्याने क्रिकेटची बोटं वाचून दाखवली, फुटबॉलच्या नडग्या वाचून दाखवल्या, कबड्डीचे गुडघे वाचताना तर एक बाई मधेच उठून पाणी प्यायला गेल्या. शेवटी त्याने "कुस्ती" असं म्हणून कोरं पान सभेला दाखवलं. सभा संपेपर्यंत बारा पालकांनी आपल्या पोरांचे फॉर्म खोडून कुस्ती लिहिली होती.

गफूर वस्तादांच्या तालमीत तोवर चारच पोरं यायची. आता एकदम सतरा झाली. वस्तादांनी आदिनाथला तालमीत बोलावून नारळ दिला, फेटा बांधला आणि बाल कुस्ती पालक समितीचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात घातलं.

"अध्यक्ष, तीस वर्षं झाली मला हितं," वस्ताद म्हणाले, "पर कुस्तीचं एवढं कौतुक कुनी केलं न्हाई बगा."

चार महिने सुरळीत गेले. प्रेरणा पहाटे उठू लागली, जोर मारू लागली, आणि घरात पाण्याचा पिंप एकटीने सरकवू लागली. मग एका शनिवारी तालमीत तिच्या वर्गातल्या स्वराजचा अंगठा पिरगळला. आदिनाथ तिथेच होता.

"अध्यक्ष, तुमची गाडी हाय," वस्ताद म्हणाले. "पोराला जरा तिकोणा पेठंला सोडता का? इठाबाईकडं."

"अहो वस्ताद, आमच्या दवाखान्यात नेतो ना!"

"छ्या! येवड्याशासाठी दवाखाना? त्ये पट्टी बांधून म्हैनाभर घरी बशिवत्यात. पोरगं माती इसरतं."

आदिनाथला काही कळेना. मूळचा तो चिंचवडचा. सासुरवाडीच्या गावात येऊन राहिला असला तरी त्याचा दिवस दवाखान्यात जायचा. तो स्वराजला मागे बसवून निघाला. तिकोणा पेठेत विठाबाईंचं घर शोधावं लागलं नाही, कारण दारापुढे सहा मोटारसायकली लागल्या होत्या. अंगणात बाकावर पैलवान बसले होते. एकाचा खांदा खाली आला होता, एक मान वाकडी करून शेजाऱ्याशी गप्पा मारत होता, दोघांनी पाय लांब करून घोंगडीवर ठेवले होते. कान तर एकाचाही सरळ नव्हता. मधे सत्तरीच्या विठाबाई तेलाची वाटी घेऊन बसल्या होत्या.

"मावशी," आदिनाथने बाकाकडे बोट केलं, "हे सगळे कुस्तीतले?"

"मग काय बुद्धिबळातलं?" विठाबाईंनी स्वराजचा अंगठा हातात घेतला. "तालुक्यातलं समदं पैलवान माझ्याकडंच येत्यात. मुरगाळलं, लचकलं, शीर चढली, मी बगते. खरंच हाड मोडलं असंल तर मी हात लावत न्हाई, सरळ कामशेतला धाडते."

"लोणावळ्याला का नाही पाठवत?"

"लोनावळ्याला? आरं बाबा, शनवार-ऐतवारी भुशी धरनाला जानाऱ्या गाड्यांची रांग लागती. पोचंस्तवर हाड आपसूक जुळंल."

आदिनाथ भिंतीला टेकला. "असे किती येऊन गेले असतील, मावशी?"

विठाबाईंनी वर पाहिलं. "आज व्हय?"

परत येताना आदिनाथने गाडी वीसच्या वर नेली नाही. अकरा वर्षांची वही एका तेलाच्या वाटीपुढे सपशेल पडली होती. आपल्या पोरीला आपणच सही करून तालुक्यातल्या सगळ्यात धोक्याच्या खेळात घातलं, आणि वर बारा घरांची पोरं ओढली, हे त्याला कळून चुकलं होतं. प्रेरणाला काढावं तर बाकीचे बाप विचारणार की अध्यक्षांनी स्वतःची पोरगी का काढली. त्यांना काय सांगायचं? आणि तीन आठवड्यांवर वडगावला शालेय कुस्त्या होत्या. प्रेरणाचं नाव छत्तीस किलोच्या गटात गेलं होतं.

छत्तीस हा आकडा त्याच्या डोक्यात फिरत राहिला आणि खिंड उतरता उतरता त्याला मार्ग दिसला. प्रेरणाचं वजन साडेपस्तीस होतं. ते छत्तीसच्या वर गेलं तर काट्यावरच बाद. न रडारड, न राजीनामा, न कुस्ती.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज कामावरून येताना चिक्की आणू लागला. शेंगदाण्याची, तिळाची, काजूची. सारिकाची पाठ वळली की प्रेरणाच्या हातात एक वडी जायची. दूध झालं, लोणी झालं, दोन-दोन केळी झाली. प्रेरणा काही न विचारता सगळं संपवायची. इकडे सारिका रोज पहाटे तिला पवनेच्या रस्त्याने पळवत होती, आणि दर रविवारी अंगणवाडीतल्या मोठ्या काट्यावर उभी करत होती.

"सव्वाछत्तीस भरलं," सारिका एका रविवारी म्हणाली. "कमी कसं होत नाही?"

"काटा जुना आहे," आदिनाथ म्हणाला. त्या रात्री तो शांत झोपला.

वडगावला सकाळी वजनं सुरू झाली. प्रेरणा काट्यावर चढली तेव्हा आदिनाथने डोळे मिटून हात जोडले. लोकांना वाटलं, बाप केवढा भाविक आहे.

"छत्तीस किलो आठशे," पंच म्हणाले. "गटात बसत नाही."

आदिनाथने चेहरा पाडायचा खूप प्रयत्न केला, पण तो काही पडेना. "अरेरे," तो म्हणाला. "चला बेटा, घरी जाऊ. पुढच्या वर्षी बघू."

"घरी कशाला?" गफूर वस्ताद पुढे आले. "सायेब, हिला एकोनचाळीसात घाला."

"घालतो," पंचांनी लिहिता लिहिता मान हलवली. "पण वाईट वाटतं हो. छत्तीसात यंदा हिचं एकटीचंच नाव होतं. काट्यात बसली असती तर न लढताच पहिली आली असती."

आदिनाथ जागच्या जागी खाली बसला. त्याने तीन आठवडे, स्वतःच्या हाताने, एक-एक वडी चारून पोरीला बिनधोक विजयातून उचललं होतं आणि थेट आखाड्यात ढकललं होतं. एकोणचाळीसात सहा मुली होत्या, आणि त्यांत गेल्या वर्षीची विजेती अनिता होती. ती कोपऱ्यात दोरीवरच्या उड्या मारत होती आणि आदिनाथ त्या मोजत होता.

त्याने सारिकाला बाजूला घेऊन सगळं कबूल केलं. चिक्की, लोणी, केळी, विठाबाई, अंगणातले पैलवान, काही ठेवलं नाही.

"चिक्कीचं मला माहीत होतं," सारिका म्हणाली. "तुमच्या खिशातून शेंगदाणे पडायचे. मला वाटलं, कौतुकाने एखादी वडी चारताय. पोरगी पळतेय तर खाऊ दे, म्हणून बोलले नाही."

"आणि विठाबाई?"

"पैलवान तिकडे जातात हे औंढ्यात लहान पोरालाही ठाऊक आहे."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सही केली नसती," सारिका शांतपणे म्हणाली. "वर्षभर शाळा सुटल्यावर तालमीच्या खिडकीत उभी राहायची ती. तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती तिची. तुमच्या वहीत कुस्ती नाही, हे तिने आधीच बघून ठेवलं होतं."

तेवढ्यात प्रेरणाचं नाव पुकारलं गेलं.

पहिल्या दोन कुस्त्या तो मांडवाबाहेर उभा राहिला. दोन्ही वेळा सारिका बाहेर येऊन "जिंकली" एवढंच सांगून गेली. अंतिम कुस्तीला मात्र वस्तादांनी त्याला दंडाला धरून मॅटच्या कडेच्या खुर्चीवर आणून बसवलं. शेजारी अनिताचे वडील होते, कैलास नावाचे, पवनेकाठचे शेतकरी, झुपकेदार मिशांचे. ते मांडी ठोकून निवांत बसले होते. शिट्टी झाली आणि आदिनाथने दोन्ही हातांनी डोळे झाकले.

धप्प.

"कोण पडलं?" त्याने विचारलं.

"तुमची," कैलास म्हणाले.

धप्प.

"आता कोण?"

"तुमचीच. पर उटली लगीच. दमाची हाय."

मग बराच वेळ नुसते श्वास ऐकू आले. पाय घासल्याचे आवाज आले. वस्ताद ओरडत होते, "पट काड, पाय धर, सोडू नको!" आणि पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठा, धप्प.

"कोण?" आदिनाथने विचारलं. उत्तर आलं नाही. "कैलासराव, कोण पडलं?"

तरी उत्तर नाही. आदिनाथने बोटांतून पाहिलं. कैलासरावांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली होती.

मॅटवर अनिता पडून उठली होती आणि आता त्याची प्रेरणा तिचा पाय काखेत धरून उभी होती. हीच ती पोरगी, जिला तो जिना उतरताना अजून हात धरायला लावायचा. तिचे केस विस्कटले होते, कोपर खरचटलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद त्याने कधीही पाहिला नव्हता. आदिनाथचे हात आपोआप खाली आले. तो उभा राहिला. मग तो खुर्चीवर उभा राहिला. मग अकरा वर्षं ज्याने कुणाला मोठ्याने "हलू नका" याशिवाय काही सांगितलं नव्हतं, तो सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "उचल! उचल आणि टाक!"

प्रेरणाने उचललं आणि टाकलं. अनिताचे दोन्ही खांदे मॅटला लागले, पंचांनी हात आपटला, आणि औंढ्याची बाकीची सोळा पोरं एकदम आत घुसली. गफूर वस्तादांनी प्रेरणाला खांद्यावर घेतलं. सारिका रडत होती आणि हसत होती. अनिता हार धुळीसारखी झटकून उठली, तिने प्रेरणाच्या पाठीवर थाप मारली आणि "तू खातेस काय गं?" असं विचारलं. आदिनाथची छाती इतकी भरून आली होती की त्याला खुर्चीवरून खाली उतरायचं सुचत नव्हतं.

कैलासरावांनी हळूच टोपी बाजूला केली. "झालं का वो?"

"झालं. काही लागलं नाही तिला. मी नीट बघितलंय."

"भाऊ," कैलासरावांनी घाम पुसला, "गेल्या साली आमचीच समद्यांना आपटत व्हती. तवा ह्यो खेळ लय चांगला वाटायचा. आज काळजाचं पानी झालं." ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी दवाखान्यातलं हायसा म्हनं. खरं सांगा, पोरीला असा कंचा खेळ लावू, जेच्यात लागायची भीतीच न्हाई?"

आदिनाथने समोर पाहिलं. वस्तादांच्या खांद्यावरून प्रेरणा त्याला दोन्ही हात हलवून बोलावत होती.

"कोणताही लावा, कैलासराव," तो अभिमानाने म्हणाला. "फक्त आमची प्रेरणा खेळत नाही असा बघा."