फ्रीजची घुरघुर

अप्पांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होतं, आणि फ्रीज आदल्या दुपारी अडीचला बंद पडला.

एरवी अशा वेळी माणूस दूध तापवतो आणि मेकॅनिकला बोलावतो. पण हा चौतीस वर्षांचा फ्रीज अप्पांचा होता. "हा मला पुरून उरणार. हा घुरघुरतोय तोवर मला काही होत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. हृदयाची झडप बदलायला वर्षभर नाही म्हणणाऱ्या अप्पांनी गेल्या महिन्यात एकाएकी होकार दिला होता. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता फ्रीज गेल्याचं कळलं तर ते पलंग सोडणार नाहीत, आणि डॉक्टर तर म्हणाले होते, आणखी आठवडाभरही थांबू नका.

अप्पांची खोली स्वयंपाकघराला लागूनच. मध्ये नुसता पडदा.

"जागे झाले की आधी आवाज ऐकतात," सून मेकॅनिकला फोन लावता लावता कुजबुजली. "तुम्ही घुरघुरा."

"मी?" मुलगा म्हणाला.

"रोज झोपेत घुरघुरताच की!"

ऑफिसात चाळीस माणसांवर डाफरणारा तो गृहस्थ मुकाट्याने फ्रीजमागे शिरला आणि घुरघुरू लागला. दहा मिनिटांत त्याचा घसा सुकला.

"आता थांबा. तो इतका वेळ सलग चालत नाही," सून म्हणाली. "आणि थांबताना धक्का देतो. तो द्या."

त्याने धक्का दिला. कोपर भिंतीवर आपटलं. "आई गं!"

"काय रे?" पडद्यामागून अप्पा.

"काही नाही अप्पा, पाय घसरला!" सुनेने वेळ मारून नेली. मुलाला ठसका लागला; तो कसाबसा आवरून त्याने पुन्हा सूर धरला.

पंचवीस मिनिटांनी मेकॅनिक आला. सुनेने ओठांवर बोट ठेवलं, पण त्याचा आवाज जन्मजात मोठा. "वायर निसटलीय फक्त, वहिनी. कॉम्प्रेसर कसा जाईल? गेल्या महिन्यात मीच नवा बसवलाय. जुना पार गेला होता. बाबांनीच बोलावलं होतं."

फ्रीज घुरघुरला. पडदा सरकला.

"तुला सांगू नको म्हटलं होतं ना?" अप्पा मेकॅनिकवर खेकसले. मग मुलाकडे वळले. "तुम्ही दोघं घाबरला असता."

मुलाने फ्रीजमागून डोकं बाहेर काढलं.

"जुना गेला त्या दुपारी घरात मी एकटाच. म्हटलं, आता माझीही वेळ आली. इथेच स्टुलावर बसून वाट पाहिली. तीन वाजले, चार वाजले. पाचला कंटाळून चहा केला." त्यांनी फ्रीजच्या दारावर हात ठेवला. "दुसऱ्या दिवशी ह्याला नवा भाग बसला आणि हा पुन्हा चालायला लागला. ते बघितलं, तेव्हा कुठे डॉक्टरला हो म्हटलं."

सुनेने डोळे पुसले. मुलगा फ्रीजमागून धूळ झटकत बाहेर आला आणि अप्पांचा हात धरून उभा राहिला.

"बाकी तू बरा घुरघुरलास," अप्पा म्हणाले. "फक्त फ्रीजला ठसका लागत नाही रे."